यंत्र घरात आले. शेजारी कोण बसले?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप चिटणीस बाईंनी धाडला, तेव्हा मी आधी तो हसण्यावारी नेला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. किराण्याची यादी, दुधाचा हिशेब आणि पूर्वी माहेरी घातलेली पत्रे, यापलीकडे माझी लेखणी कधी गेलेली नाही. परंतु श्रावणातल्या बैठकीत एक लहानशी गोष्ट घडली आणि ती काही केल्या मनातून जाईना; म्हणून हे धाडस करीत आहे. चुकले-माकले तर घरचीच बाई म्हणून सांभाळून घ्यावे.

त्या दिवशी आपल्या बचत गटाचा हिशेब चालला होता. आता हप्ता भरला की मोबाइलवर संदेश येतो. आपल्यातल्या एका सत्तरी ओलांडलेल्या आजींना तो संदेश उघडता येईना. शेजारी त्यांची बारा वर्षांची नात बसली होती. ती हसून म्हणाली, “आज्जी, एवढं बी येत नाही का गं तुला?” आणि फोन आजींच्या हातून घेऊन तिने क्षणात काम उरकले. सगळ्या हसल्या, मीही हसले. आजी मात्र हसल्या नाहीत. फोन पदराखाली ठेवीत त्या म्हणाल्या, “मला दोनशे ओव्या तोंडपाठ हैत, माय. त्या तुला कुठं येतात?”

घरी येताना मी विचार करीत राहिले. या दोघींत शिकलेली कोण आणि अडाणी कोण? मग वाटले, आपल्याच घरात मागे वळून पाहावे. माझे माहेर लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्याचे, सासर नांदेडचे. माझ्या आजीपासून माझ्या लेकीपर्यंत चार पिढ्या मी डोळ्यांनी पाहिल्या. प्रत्येक पिढीच्या हाती काही नवे यंत्र किंवा नवे साधन आले आणि प्रत्येक वेळी घरातले कोणीतरी शहाणे ठरले, कोणीतरी अडाणी ठरले. त्याचीच ही हकीकत आहे. सन आणि आकडे माझ्या लेकीने वाचनालयातून पुस्तके आणून मला वाचून दाखविले. बाकीचे माझ्या आठवणीतले आहे.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, हिला अक्षर म्हणून एक येत नव्हते. पण पहाटे चारला ती जात्यावर बसे. समोर माझी थोरली चुलती बसे. खुंटा दोघींच्या हातात. एक ओवी आजीने म्हणायची, चुलतीने ती उचलायची. त्या ओव्यांत काय नव्हते? सीतेचा वनवास होता, पंढरीची वाट होती, माहेरची ओढ होती, सासरचा जाच होता. कोणाशी कसे बोलावे, दुःख कसे गिळावे आणि वेळ आली तर कसे सुनवावे, हे सारे चुलती त्या जात्यावर शिकली. ती तिची शाळाच होती. पाटी नाही, पुस्तक नाही. समोर बसलेले माणूस मात्र होते.

पुढे गावात पिठाची गिरणी आली. बायकांच्या दंडांची आणि पाठीची दुखणी गेली. पहाटेची दोन तास झोप मिळाली. जाते परत आणा, असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांनी दळले नाही त्यांनाच जात्याचे कौतुक फार असते. परंतु गिरणीबरोबर तो पहाटेचा वर्गही बंद पडला, आणि तो बंद पडतो आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. पुण्याकडच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी खेडोपाडी हिंडून अशा जात्यावरच्या ओव्या टिपल्या. त्यांची संख्या १ लाखाहून अधिक भरली. अक्षरशत्रू म्हणून ज्यांना हिणवले त्या बायकांच्या तोंडी १ लाख ओव्या होत्या! हे वाचून मला आपल्या मंडळातल्या आजींचे ते वाक्य आठवले आणि माझ्या हसण्याची लाज वाटली.

आता माझ्या आजोबांचे सांगते. हे आईचे वडील. आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे तुम्हा सर्वांना ठाऊकच आहे. तेथे १८८४ पासून सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही माध्यम उर्दूच. आपल्याकडे प्राथमिक शाळेला तहतानिया, मधल्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कूलला फौखानिया म्हणत. घरात मराठी बोलणारे पोर शाळेत गेले की उर्दूत हिशेब मांडी. आजोबा असेच शिकले. उर्दू त्यांना सफाईने येई, आणि घरच्या वळणाने मोडीही येई. बोरूने ते मोडी असे लिहीत की हात कागदावरून उचलतच नसे. अर्धे गाव अर्ज लिहून घ्यायला त्यांच्या ओसरीवर येई.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. आपली भाषा कचेरीत आली, शाळेत आली. यासारखा आनंद कोणता? त्यासाठी माणसांनी तुरुंग भोगले, प्राण दिले. स्वामी रामानंद तीर्थ हे स्वतः शिक्षक होते, आणि त्यांनी १९५० साली आपल्या नांदेडात पीपल्स कॉलेज काढले, ते याच भावनेने. पण या आनंदाच्या घरात एक कोपरा असा होता की जिथे कोणी दिवा लावला नाही. ज्यांचे शिक्षण आदल्या राजवटीतले होते त्यांचे पुढे काय, हा तो कोपरा. उर्दू कचेरीतून गेली, मोडी शाळेतून गेली. बालबोध अक्षरे आजोबा अडखळत वाचीत, आणि छापील सरकारी मराठी तर त्यांच्या डोक्यावरून जाई.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. तालुक्याहून एक नोटीस आली. ज्या माणसाकडे अर्धे गाव अर्ज लिहून घ्यायला येत असे, त्या माणसाने मला हाक मारली आणि हळूच म्हटले, “बाई, जरा वाच की हे. मोठ्यानं नको.” ते ‘मोठ्यानं नको’ त्या वयात मला कळले नाही. आज कळते.

आजोबांची पत्र्याची पेटी त्यांच्यामागे माळ्यावर पडून राहिली. आत मोडीचे आणि उर्दूचे कागद. घरात चौदावी, पंधरावी शिकलेले पुतणे होते. एकालाही त्यातली ओळ वाचता येईना. पुढे २०२३ साली मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातले दस्तऐवज धुंडाळण्याचे काम सुरू झाले. तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांची जिकडेतिकडे गरज पडली. ज्या विद्येला आपण म्हाताऱ्यांची म्हणून माळ्यावर टाकले, तिचेच पाय धरायची पाळी आली. आजोबा अडाणी नव्हते. त्यांचे साधन बदलले होते. आणि ते बदलताना त्यांच्या शेजारी बसून कोणी म्हणाले नाही की, बाबा, हे असे असते, आणि तुमचे ते आम्हाला शिकवा.

आईच्या पिढीचे साधन म्हणजे रेडिओ. आमच्या भागाला जवळचे केंद्र परभणीचे. ते १९६८ साली सुरू झाले. त्या काळी रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावे लागे. रेडिओ ओसरीवर फळीवर ठेवलेला असे आणि त्याचा कान पिळण्याचा मान फक्त पुरुषांचा. बाजारभाव, पाऊसपाणी, बातम्या ते ऐकत. बायकांनी ऐकायचे ते दाराआडून, भाकरी थापता थापता, अर्धे कानावर आणि अर्धे चुलीवर.

रेडिओची एक गोष्ट आई नेहमी सांगे. माझा धाकटा भाऊ वर्षाचा असताना त्याला जुलाब लागले. आजीचे म्हणणे, पोटात पाणी देऊ नका, पाण्याने जुलाब वाढतात. आईने रेडिओवर ऐकले होते की उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून ते घोट-घोट पाजावे. तिला खरे काय ते ठाऊक होते, पण सासूपुढे बोलायचा धीर होईना. दुसऱ्या दिवशी गावात नर्सबाई आल्या. त्या आजीच्या शेजारी मांडी घालून बसल्या, आजीच्याच हाताने तांब्यात मीठ-साखर घालून घेतली आणि तिच्याच हाताने पाजविली. भाऊ वाचला. आई म्हणे, “रेडिओनं मला सांगितलं, पण नर्सबाईनं आम्हाला शिकवलं.” सांगणे आणि शिकविणे यांतला फरक माझ्या आईने एका वाक्यात सांगितला, आणि ती शाळेत गेलेली नव्हती.

हाच फरक मोठ्या माणसांनीही एकदा मोजून पाहिला आहे, आणि तोही आपल्या मराठी मुलखात. १९५६ साली, युनेस्कोच्या मदतीने, पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० खेड्यांत एक प्रयोग केला. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणून आपण त्यात नव्हतो. प्रत्येक गावात वीसेक माणसांचे एक मंडळ केले. दहा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, शेती-आरोग्य-शिक्षणावरचा कार्यक्रम सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचा. मग रेडिओ बंद करून त्यावर बोलायचे, आणि आकाशवाणीला आपले प्रश्न कळवायचे. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. प्रयोगाच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांना किती कळते ते तपासले. ज्या गावांत असे मंडळ होते तेथल्या माणसांचे ज्ञान चांगलेच वाढलेले दिसले. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे तेवढी वाढ दिसली नाही. म्हणजे पेटी तीच, आवाज तोच, कार्यक्रम तोच. फरक पडला तो एकत्र बसून बोलण्याने. भगिनींनो, हे वाचून मला आपल्या मंडळाचा फार अभिमान वाटला. आपण दर आठवड्याला जे करतो ते काही रिकामटेकडेपण नव्हे!

मग आला टीव्ही. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ साली एक वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहावरून भारतातल्या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना टीव्हीवरून शिकविण्याचा मोठा प्रयोग झाला. शेजारच्या आंध्रातली आणि कर्नाटकातली खेडी त्यात होती, महाराष्ट्र नव्हता. वर्ष संपले आणि उपग्रह दुसरीकडे नेला गेला. आमच्या गावात टीव्ही आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. १९८७ साली रामायण मालिका सुरू झाली, तेव्हा गावात एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी त्या घरी पाय ठेवायला जागा नसे. मी सहा-सात वर्षांची, सगळ्यांत पुढे, जमिनीवर. आजी हात जोडून बसलेली. आजीला रामकथा साऱ्यांहून जास्त पाठ होती. पण त्या खोलीत तिला कोणी विचारले नाही की, तुझ्या ओवीतली सीता काय म्हणते? कोणी मध्ये बोलले तर “गप बसा” म्हणत.

तेव्हा न कळलेली गोष्ट आता ध्यानात येते. जात्याला दोघी समोरासमोर बसत. रेडिओभोवती माणसे गोल बसत. टीव्हीपुढे सगळी एका दिशेला तोंड करून बसू लागली. आणि मोबाइल आल्यावर एकाच खोलीत प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला झाले. यंत्र जसजसे हुशार होत गेले तसतसे शेजारचे माणूस दूर सरकत गेले.

माझ्या शिक्षणाचे म्हणाल तर ते १९९३ सालीच संपले. त्या वर्षी मी सातवी पास झाले. आमच्या गावची शाळा तेवढीच. जूनमध्ये शेजारच्या गावी आठवीला नाव घातले. रोज चालत जायचे. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून माणसे दमून झोपली होती. सुमारे १० हजार माणसे गेली. आमचे गाव थोडक्यात वाचले, पण जवळच्या नात्यातली घरे आडवी झाली. पुढे कित्येक महिने लोक दगडी घरात झोपायला धजत नव्हते. शाळा काही दिवसांनी पत्र्याखाली भरू लागली. मुले जाऊ लागली. मुलींना मात्र “एवढ्या लांब कशाला?” म्हणून घरी ठेवले. मी त्यांतलीच एक. कोणाला दोष देत नाही. भीतीच तशी होती. पण भीतीने थांबलेली मुलांची शाळा पुन्हा सुरू झाली आणि आमची झाली नाही, हेही तितकेच खरे.

लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा मनाशी एकच गाठ बांधली होती, की मला लेक झाली तर तिला थांबवायचे नाही. आणि तरीही मी काय केले ते ऐका. हे लिहायला हात कचरतो, पण यासाठीच तर हा लेख.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. जूनपासून मोबाइलवर वर्ग सुरू झाले. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे सगळीकडे म्हटले जाई. आमच्या घरी फोन एकच, यजमानांचा. ते मोंढ्यात दुकानी कामाला. त्यांनी फोन घरी ठेवायला सुरुवात केली, एवढा त्यांचा मोठेपणा. मुलगा दहावीला, मुलगी आठवीला. दोघांचे तास एकाच वेळी. फोन कोणाला द्यायचा हे ठरवायला मला क्षणही लागला नाही. मुलाचे बोर्डाचे वर्ष आहे, असे मी म्हटले. तास संपल्यावरही फोन त्याच्याच हाती राही; मुलगी पोळ्यांची कणीक मळी. ती एका शब्दाने बोलली नाही, म्हणून मला वाटले सारे ठीक चालले आहे.

दिवाळीच्या साफसफाईत तिची वही हाती लागली. प्रत्येक पानावर सुबक अक्षरांत तारीख आणि विषय लिहिलेला, आणि खाली पान कोरे. असे पानामागून पान. मी विचारले, “हे काय गं?” ती म्हणाली, “दादा सांगेल काय शिकवलं ते, म्हणून जागा सोडली होती.” मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, तू सातवीपर्यंत तरी शिकलीस. मी आठवी कुठं शिकले?”

भगिनींनो, १९९३ मध्ये निदान भूकंप झाला होता. आमच्या घरात तर एक वीटही हलली नव्हती. माझ्या लेकीची शाळा मीच, माझ्या हाताने थांबविली होती.

पुढे कळले की हे घर एकट्या माझेच नव्हते. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ नावाची पाहणी खेड्यापाड्यांत होत असते. तिच्यात दिसले की २०१८ साली शाळकरी मुलांच्या शंभर घरांपैकी सुमारे ३७ घरांत स्मार्टफोन होता. २०२० मध्ये तो सुमारे ६२ घरांत पोचला. गरिबांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. पण घरात आलेला फोन कोणाच्या हाती गेला? २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना हे विचारले. आणि त्या वेळी महाराष्ट्रातून निवडला होता तो आपलाच नांदेड जिल्हा. देशभरचा आकडा असा, की ज्यांना स्मार्टफोन चालविता येतो अशा मुलग्यांपैकी शंभरांत सुमारे ४४ जणांचा फोन स्वतःचा होता. मुलींपैकी मात्र शंभरांत सुमारे २० जणींचाच. ओसरीवरच्या रेडिओचा कान पिळण्याचा मान ज्यांचा होता, त्यांच्याच खिशात फोन गेला. म्हणून मला वाटते, नव्या यंत्राच्या बाबतीत तरुण आणि म्हातारे एवढाच भेद करणे बरोबर नाही. म्हातारी आजी आणि तरुण नात, दोघींचीही पाळी शेवटीच येते.

असो. वही सापडली त्या रात्रीपासून आम्ही वेळ वाटून घेतली. संध्याकाळी सहा ते आठ फोन लेकीचा, आणि त्यात कोणी हात घालायचा नाही. मी शेजारी बसू लागले, हातात शेंगा नाहीतर वाती. सरांनी पाठविलेले धडे ती बघे. बीजगणित मला काडीचे कळेना. मग मी म्हणे, “हे मला सांग बरं, मला नाही समजलं.” ती सांगे. सांगताना अडे, परत मागे जाऊन बघे, परत सांगे. मला बीजगणित शेवटपर्यंत आले नाही. पण मला सांगता सांगता तिला येऊ लागले! शेकडेवारी आणि नफा-तोटा निघाला तेव्हा मात्र माझी पाळी होती. व्याजाचा हिशेब मी बचत गटावरून असा समजाविला की ती म्हणाली, “हे पुस्तकात असं का नाही लिहीत?” त्याच दोन तासांत तिने मला फोनवर मराठी लिहायला शिकविले. या लेखाचा कच्चा खर्डा मी फोनवरच केला आहे.

सगळे भरून निघाले असे म्हणणार नाही. ती बारावी होऊन पुढे शिकते आहे, पण गणित तिला अजून जड जाते. ते पाच महिने मी कुठून आणून देऊ?

त्याच २०२० च्या ‘असर’ पाहणीतली एक गोष्ट मात्र मला फार धीर देते. ज्यांचे आईवडील जेमतेम पाचवीपर्यंत शिकलेले होते, अशा मुलांतही निम्म्याहून जास्त मुलांना घरच्यांची अभ्यासात मदत होत होती. म्हणजे न शिकलेली आईही शेजारी बसली होती. शेजारी बसायला पदवी लागत नाही.

नवे यंत्र वाईट, असे माझे म्हणणे नाही. टाक गेला आणि बॉलपेन आले तेव्हा अक्षर बिघडेल म्हणून मास्तर रागवत. तरी जग पुढे गेलेच. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर चौकोनी ठसे छापून, फोन त्यावर धरला की धडा बोलू लागेल अशी सोय केली. त्यांना २०२० साली जगातल्या उत्तम शिक्षकाचे पारितोषिक मिळाले. यंत्र चांगल्या शिक्षकाच्या हाती गेले की असे फळ देते. पण आजवर आपल्याकडे नवे साधन आले की एका पिढीने दुसरीला हसायचे आणि दुसरीने तोंड फिरवायचे, असेच होत गेले. गिरणी आली आणि ओव्या गेल्या. मराठी आली आणि आजोबांची मोडी गेली. मोबाइल आला आणि माझ्या लेकीची आठवी गेली. हे यंत्राने नेले नाही. शेजारची जागा रिकामी होती, म्हणून गेले.

तेव्हा मंडळापुढे माझ्या तीन साध्या सूचना आहेत. पहिली, प्रत्येकीने घरात फोनचे वेळापत्रक करून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावावे, आणि त्यात मुलीची वेळ आधी लिहावी. दुसरी, मूल फोनवर धडा बघत असेल तेव्हा दहा मिनिटे शेजारी बसून, “आता मला सांग,” एवढे म्हणावे. तिसरी, शनिवारच्या बैठकीआधीचा एक तास नातींचा आणि आज्यांचा असावा. नातींनी पैशाचा संदेश कसा वाचायचा आणि कोणालाही गुप्त क्रमांक का सांगायचा नाही, हे आज्यांना शिकवावे. आणि आज्यांनी आपल्याजवळचे जे असेल ते नातींना द्यावे. आपल्यातल्या ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी सरकारचा नव भारत साक्षरता कार्यक्रमही आहे. त्यात १५ वर्षांवरील कोणालाही शिकता येते, आणि तेथे शिकवायला शाळेतली मुलेही चालतात.

ही तिसरी सूचना मी त्या आजींना आधी सांगून पाहिली. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “शिकीन की मी. तिच्या हातानं शिकीन. अन् ओव्या बी सांगीन. पण तिला म्हणावं, सांगताना फोन खाली ठेव, अन् माझ्या समोर बस.”

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी मला एवढेच मागायचे आहे.